लिहून देणाऱ्याची जागा

शांताची माय,

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, गावाकडची, रिठदची मंडळी बंड्या जुंपून निघून गेली, आणि आज सकाळपासून घरात मी आणि शांता दोघंच आहोत. आपली लेक तुझ्यावरच गेली आहे. हाताला काम असलं की तिचं रडणं थांबतं, म्हणून परवा सारवलेलं माजघर तिनं आज पुन्हा सारवायला काढलं आहे. मधूनच ओसरीवर डोकावते, मी जागेवर आहे का पाहते आणि आत जाते. मी जागेवरच आहे. पुढ्यात तेच उतरतं मेज, तोच टाक, तीच दौत. उभा जन्म कचेरीच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहिले, खरेदीखतं लिहिली, गहाणखतं लिहिली, ती सगळी या मेजावर. तुला मात्र आज पहिल्यांदाच लिहितो आहे, आणि तुला वाचता येत नव्हतं हे दौतीचं झाकण काढल्यावर आठवलं. तू म्हणायचीस, "वाचून दाखवा, मंग समजीन." म्हणून ओठातल्या ओठात वाचत लिहितो आहे. शांताला वाटतं म्हातारा जप करतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला दुःख आहे. सकाळी चहा कोण टाकणार म्हणून चुलीकडं पाहिलं आणि डोळे भरून आले. पण त्या दुःखाच्या खाली, अगदी तळाशी, मला हायसं वाटतं आहे. बायको जाऊन चौदा दिवस झाले आणि नवरा हायसं वाटतं म्हणतो, असं लोकांना कळलं तर ते माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. तुला कारण ठाऊक आहे. तू आपल्या घरात गेलीस. मधल्या खोलीत, आपल्या बाजेवर, सकाळचं ऊन खिडकीतून पायांवर आलेलं असताना. कुणी दाराशी येऊन खाकरलं नाही.

माझी माय कशी गेली ते तू कधी विसरली नाहीस. आपण तेव्हा बाजारामागच्या बोळात शेषरावांच्या घरात भाड्यानं राहत होतो. एक खोली आणि एक पडवी. मायनं अंथरूण धरून पंधरा दिवस झाले होते. एका सकाळी शेषराव आले आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून खाकरले. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि तू तेव्हाही ऐकून घेत नव्हतीस.

"नारायणराव, उद्यापासून पंचक लागून राह्यलं," ते म्हणाले. "बुढीचं काही सांगता येत नाही. इथं काही झालं त मले घर बंद ठेवा लागते. आजूबाजूचे लोकबी मलेच बोलतीन. तिले गावाकडं नेलं त बरं होईन."

पंचकात माणूस गेलं की आणखी पाच जणांना ओढून नेतं, असं आपल्याकडं मानतात. घराला कित्येक महिने कुलूप लावून बाहेर राहावं लागतं. मरण भाडेकऱ्याचं आणि कुलूप मालकाच्या घराला, तेव्हा शेषरावांचं म्हणणं अगदीच गैर होतं असं नाही. पण मी काय म्हणालो? मी "हो जी" म्हणालो. दुसऱ्यांच्या वतीनं सरकारला कडक भाषेत अर्ज लिहिणारा मी, माझ्या मायसाठी माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले.

दुपारी बंडी निघाली. माय रिठदला पोचलीच नाही. अलीकडच्या नाल्याच्या उतारावर, चाकं दगडांवरून आपटत असताना, ती तुझ्या मांडीवर गेली. बंडीवाल्यानं बैल थांबवले आणि टोपी काढली. तू पदराच्या टोकानं तिच्या तोंडावरची धूळ पुसत राहिलीस. मी वाट पाहत होतो की तू मला काहीतरी बोलशील, निदान दोन शिव्या देशील. तू काहीच बोलली नाहीस, आणि ते मला फार जड गेलं.

तेरवी करून वाशीमला परत आल्यावर चूल पेटवता पेटवता तू तोंड उघडलंस.

"आपलं घर पायजे. दोन खोल्याचं असो, पडकं असो. मले कोनाच्या परवानगीनं मरायचं नाही."

"आत्तापासून मरायचं काय घेऊन बसली वं?" मी म्हणालो.

"जगायचं तुमी पाहा. मरायचं मी पाहीन."

त्यावर पुढची सहा वर्षं आपण एकच भांडण भांडलो. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. लग्न आपल्या वडीलधाऱ्यांनी करून दिलं होतं, घराचं मात्र आपल्यालाच पाहायचं होतं, आणि ते गहाणाशिवाय होणारं नव्हतं. गहाण या शब्दाला मी भ्यायचो तितकं वाशीममध्ये दुसरं कुणी भ्यायलं नसेल. कर्ज घेणारा माणूस कागद एकदाच पाहतो. मी त्याचा सगळा प्रवास पाहिलेला. ज्या हातानं एखाद्याचं गहाणखत लिहिलं, त्याच हातानं चार वर्षांनी त्याचा मुदत मागणारा अर्ज लिहायचो, आणि पुढं त्याच्याच घराच्या लिलावावरची हरकत. बाजारातून जाताना मी तुला घरं दाखवायचो. हे गेलं. ते कोपऱ्यावरचं गेलं. त्या निळ्या दाराच्या घरातली माणसं आता कुठं आहेत कुणाला माहीत नाही.

तू चालत राहायचीस आणि शेवटी विचारायचीस, "आन् जे नाही गेले थे कोनते? थे बी दाखवा ना."

ती मला दाखवता यायची नाहीत. त्याचा मला राग यायचा. आज लिहिताना लक्षात येतं की ज्याचं गहाण सुखरूप फिटतं तो अर्जनवीसाकडं परत कशाला येईल? तो आपल्या घरात पाय पसरून बसलेला असतो. तीस वर्षं मी फक्त बुडणारे मोजले. हे तू मला तेव्हाच सांगत होतीस, आणि मला वाटायचं की तुला व्यवहार कळत नाही.

मग तेल्याच्या घाण्याशेजारचं हे घर निघालं. इथला म्हातारा गवंडी मुलाकडं अकोल्याला कायमचा चालला होता. तू माझ्या आधी येऊन घर पाहून गेलीस, छपरावरचे कवेलू मोजलेस, विहिरीचं पाणी पिऊन पाहिलंस. राहिला प्रश्न पैशाचा, आणि मी कुणाकडं तोंड उघडणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. आपल्याकडं कोर्टातले एक जुने नाझरसाहेब होते, पेन्शनीत निघालेले, घर पाहून गहाणावर पैसा द्यायचे. बोलायला तिखट पण व्यवहाराला सरळ. त्यांच्या घरी तू उन्हाळ्यात शेवया वळायला जायचीस. ताकाला जाऊन भांडं लपवणं तुझ्या स्वभावात नव्हतं. शेवया वळता वळता तू त्यांच्या बायकोला सांगून मोकळी झालीस, "आमचे मालक साऱ्या वाशीमचे गहानखत लिहितात. सोताचं एक लिहा म्हनलं त हात थरथरते."

दुसऱ्या दिवशी भर कचेरीच्या आवारात नाझरसाहेबांनी काठी टेकत येऊन विचारलं, "काय नारायणराव, हात थरथरतो म्हणे?"

मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी घर पाहिलं, भिंतीवर काठी ठोकून पाहिली, ओसरीवर बसून पाहिलं आणि म्हणाले, "लिहा." नजरगहाण ठरलं. म्हणजे राहायचं आपण, कागद ठेवायचा त्यांनी, आणि मुदतीत पैसे फिटले नाहीत तर घर त्यांचं.

कागद अर्थात मीच लिहिले, खरेदीचा आणि गहाणाचा. सरकारी छापाच्या इष्टाम कागदावर इतकं घोटीव अक्षर माझं पूर्वी कधी आलं नव्हतं. आदल्या दिवशी तुला वाचून दाखवले. चतुःसीमेशी आलो तेव्हा तू मला थांबवलंस.

"मावळतीले तेल्याचा घाना, बरोबर हाय. पन त्याच्या बैलाचा खुटा आपल्या हद्दीत हाय. थे लिहिलं का?"

"खुटा दस्तात लिहीत नसतात."

"मंग उद्या थो म्हनीन, बैल माहा, खुटा माहा, जागाबी माहीच."

कागद लिहून झाला होता, म्हणून मी खुट्याचं मनावर घेतलं नाही.

रजिस्ट्रारच्या कचेरीत त्या दिवशी सगळे जमले होते. गवंडीबुवा, दोन साक्षीदार, नाझरसाहेब. तू बाहेर, उघड्या दारासमोरच्या पायरीवर बसली होतीस. कारकुनानं गहाणखत हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"नारायणराव, लिहिणाऱ्याची सही आहे. लिहून देणाऱ्याची कुठं आहे?"

दस्ताच्या शेवटी दोन वेगळ्या जागा असतात. ज्यानं कर्ज घेतलं तो लिहून देणार, त्यानं मजकुराखाली सही करायची. आणि ज्यानं कागद नुसता लिहिला त्यानं खालच्या कोपऱ्यात बिकलम म्हणून आपलं नाव घालायचं. मी माझं नाव कोपऱ्यात घातलं होतं, झोकात, शेवटच्या अक्षराला फर्राटा देऊन. मजकुराखालची जागा कोरी होती. साऱ्यांना हसू आलं. नाझरसाहेबही हसले. कारकुनानं टाक दौतीत बुडवून माझ्या हातात दिला आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मला फक्त नाव लिहायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढून ती सगळी गेलेली घरं एकामागून एक जाऊ लागली. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब इष्टामावर पडला आणि पसरला. मी टाक खाली ठेवला, उठलो आणि बाहेर आलो.

संध्याकाळी ताट वाढताना तू म्हणालीस, "हात चुकला म्हनते?"

"सवय," मी म्हणालो. "इतकी वर्षं कोपऱ्यात सही केली. हात आपसूक तिकडं गेला."

"पयल्यांदा गेला असन. दुसऱ्यांदा त कारकुनानं जागा दाखोली होती."

"सवयच ती."

"भेव होतं," तू म्हणालीस आणि भाकर वाढलीस.

सवय की भेव. या एका गोष्टीवरून आपण पुढं जन्मभर वाद घातला. मी हटलो नाही, तूही हटली नाहीस. लेकीचं लग्न झालं, जावई आला, त्याच्यासमोरही तू मला सोडलं नाहीस.

कचेरीतून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांघरुणातच होतो. तू उशाशी येऊन बसलीस.

"माह्या नावावर लिहा. घरबी आन् गहानबी. मले सही येत नाही, अंगठा येते. अंगठ्याले भेव नसते."

मी उठून बसलो. बायकोच्या नावावर घर, बायकोच्या नावावर कर्ज, आणि नवरा धडधाकट. वाशीममध्ये लोक काय म्हणतील, असं मी विचारलं.

"लोक काय म्हनतीन थे आपापल्या घरात बसून म्हनतीन. आपन आपल्या घरात बसून आयकू."

खराब झालेल्या इष्टामाची हळहळ करत नवे कागद आणले आणि या मेजाशी बसलो. लग्न झाल्यापासून मी तुला नावानं हाक मारली नव्हती. आधी "आयकलं का" म्हणायचो, लेक झाल्यावर शांताची माय. त्या दिवशी पहिल्यांदा तुझं नाव लिहिलं. पंचफुला जौजे नारायण, म्हणजे नारायणाची बायको पंचफुला. लिहिलं आणि टाक थांबला. आपल्या बायकोचं नाव इतकं देखणं आहे हे मला कागदावर पाहून कळलं. दोन दस्तांत मिळून ते बऱ्याच ठिकाणी घालावं लागलं, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन जागी ते गरज नसताना घातलं आहे. चतुःसीमेत खुटाही लिहिला.

रजिस्ट्रारसाहेबांनी त्या वेळी तुला आत बोलावलं. बाईमाणूस दस्त देत होतं, तेव्हा तिला तो समजला आहे का ते विचारणं त्यांचं काम होतं.

"बाई, कागदात काय लिहिलंय ते माहीत आहे का?"

तू पदर डोक्यावर नीट केलास आणि पाठ म्हटल्यासारखं सांगितलंस. "घर माहं. पैसे नाझरसाहेबाचे. पैसे नाही देल्ले त घर त्यायचं. उगवतीले बोळ, मावळतीले घाना, बैलाचा खुटा आपल्या हद्दीत."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "खुटा?"

"लिहिला आहे साहेब."

"आणि यजमान कुठं आहेत?"

"थे काय, कोपऱ्यात सही करनारे," तू म्हणालीस.

कचेरीत इतकं मोठं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. कारकुनानं तुझा डावा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. तू तो उचललास आणि वाकून स्वतःच्या बोटाच्या रेषा पाहिल्यास. मग मी कोपऱ्यात माझी सही केली, नेहमीसारखी, फर्राट्यासकट. बाहेर पडलो तेव्हा मला भूक लागली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा.

या घरात पाऊल टाकल्या दिवसापासून तू मालकीण आणि मी भाडेकरू. कवेलू गळतात म्हणून कुरकुर केली की तू म्हणायचीस, "भाडेकऱ्यानं लय बोलू नये." शेजाऱ्याचा बैल आपल्या अंगणात रवंथ करायचा, त्याबद्दल मी तक्रार केली तर म्हणायचीस, "खुटा माहा हाय. कोनाचा बैल बांधू द्यायचा थे मी पाहीन." इतकं भांडून दस्तात लिहून घेतलेला खुटा तू तेल्याला फुकट वापरू दिलास. मला ते कधीच समजलं नाही. विचारायचं राहून गेलं.

कर्ज फेडायचं म्हणून पुढची खोली आपण भाड्यानं दिली. दवाखान्यातले कंपाउंडर आले राहायला, सोबत त्यांचे थकलेले वडील. पहिल्याच दिवशी तू त्यांना सांगितलंस, "आजारी पडले त इथंच पडा. माह्या घरातून कोनी कोनाले काढनार नाही." मला वाटलं, ही असली बोली कोण करतं? दोन वर्षांनी ते म्हातारबुवा शेवटच्या घटका मोजायला लागले, तेव्हा कंपाउंडरांनी न सांगताच गाठोडं बांधायला घेतलं. शिकलेला माणूस, पण भाडेकऱ्याची रीत त्यांना ठाऊक होती. तू खोलीत गेलीस, त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलंस, खाली बसून सोडलंस आणि एकेक धोतर घडी करून परत खुंटीवर ठेवलंस. मी दारात उभा होतो. मला नाल्याचा उतार आठवला, आणि मायचं मरण जरासं धुतलं गेल्यासारखं वाटलं. हेही तुला सांगितलं नाही.

प्रत्येक मुदतीच्या आधी माझ्या तोंडचं पाणी पळायचं. तू शेवया वळायचीस, पापड लाटायचीस आणि मला म्हणायचीस, "कर्ज माहं हाय. तुमी कायले वाळून राह्यले?" आणि एक दिवस ते फिटलं. नाझरसाहेब स्वतः कागद घेऊन या ओसरीवर आले. गहाण फिटलं की पैसे देणाऱ्यानं सर्वांसमक्ष सहीजवळ कागद फाडून परत द्यायचा, अशी जुन्या लोकांची रीत. त्यांनी कागद उलगडला आणि तुझ्या अंगठ्याच्या बाजूला बोटं नेली.

"साहेब, तिकडून नको," माझ्या तोंडून गेलं.

"मग कुठून?"

"कोपऱ्यातून फाडा. माझ्या सहीवरून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि कोपरा फाडला. माझी फर्राट्याची सही त्यांच्या मुठीत गेली. तुझा अंगठा राहिला. ते गेल्यावर तू मला हसलीस.

"अंगठा काय जपता? अख्खी मी घरात हाय."

होतीस. कागद पेटीत ठेवला आणि पुढं इतकी वर्षं उघडून पाहिला नाही, कारण गरजच पडली नाही. परवा काढला. अंगठ्याच्या मधोमध एक तिरपी रेघ आहे, विळीनं कापलेल्या जागेची. हातावर ती खूण कधी दिसली नव्हती.

तू जायच्या दिवशी सकाळी शांता चुलीपाशी होती. तुझ्या अंगावरचं पांघरूण मी नीट करत होतो. तू विचारलंस, "पंचांगात काय हाय आज?"

"काही नाही," मी म्हणालो.

"पंचक हाय ना?"

मी पांघरुणाचं टोक खोचत राहिलो. तू जन्मात मला कधी खोटं बोलू दिलं नाहीस.

"घर कोनाचं हाय?" तू विचारलंस.

"तुझं."

"मंग झालं," म्हणालीस, आणि हसलीस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, शांताच्या हातून दोन घोट घेतलेस, आणि ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढायच्या आत गेलीस.

सगळं रीतीनं केलं. पंचकात ओढल्या जाणाऱ्या पाच जणांऐवजी पाच पुतळे केले, ते तुझ्यासोबत चितेवर दिले. दहाव्याच्या दिवशी गुरुजींनी पंचांग पुन्हा मांडलं आणि म्हणाले, "शांती करू, पण नक्षत्र पाहता तीन महिने घर बंद ठेवावं लागेल. लेकीकडं जा." रिठदच्या मंडळींनी माना डोलावल्या. जावयानं बंडीत गादी टाकली. शांता माझे सदरे गोळा करायला लागली. त्यांची चूक नव्हती. सगळ्यांना माझी काळजी होती, आणि थोडी स्वतःचीही.

मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

"शांती करा, दानबी देतो," मी म्हणालो. "पण घर माह्या नावावर नाही. जिच्या नावावर आहे तिनं मले जा म्हनलं नाही."

"नारायणराव, शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही विचार करा," गुरुजी म्हणाले.

तेव्हा मागून तेली पुढं आला. आता तोही म्हातारा झाला आहे. "शेजारी मी हाय," तो म्हणाला. "बाईनं माह्या बैलाले इतके वर्सं जागा देल्ली, कधी बोलली नाही. मी कुठी जात नाही. थे कायले जातीन?"

गुरुजींनी पंचांग मिटलं. शांतानं सदरे परत आत नेऊन खुंटीवर टांगले. जावयानं बंडीतली गादी उतरवली. माझा जीव भांड्यात पडला. खुट्याचं कोडंही बहुधा तेव्हाच सुटलं, पण ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं.

मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. घर मोठं वाटतं आहे. तुझ्या बाजेकडं पाहवत नाही. पण शेषरावांसमोर जो "हो जी" म्हणाला होता तो माणूस या वेळी "नाही जी" म्हणाला, आणि तो तुझ्या घरात उभा राहून म्हणाला. मायला मी ते देऊ शकलो नाही. तुला, थोडं उशिरा, दिलं.

शांता चहा घेऊन आली आहे. तिनं साखर कमी घातली आहे, अगदी तुझ्यासारखी, आणि मी कुरकुर केली तर म्हणाली, "भाडेकऱ्यानं लय बोलू नये." दोघंही हसलो, मग दोघंही रडलो, मग चहा प्यालो.

आता एकच राहिलं. ते जुनं भांडण. तू गेलीस तेव्हा ते माझ्या बाजूनं अर्धं पडलेलं होतं आणि अडून बसलेल्या माणसाला तू सोडून गेलीस हे बरं नाही केलंस. म्हणून आज, शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाखाली न येता, साक्षीदाराशिवाय लिहून देतो की त्या दिवशी कचेरीत माझा हात चुकला नव्हता. ती सवय नव्हती. पंचफुला, भेव होतं.

हे लिहून झालं आणि हात कोपऱ्याकडं गेला. आत्ताची ही मात्र खरंच सवय, तुझी शपथ. टाक उचलला, आणि मजकुराखाली आणला.

लिहून देणार,
नारायण